पोर्शे ९११ एससी: गिअरचा दांडा खिळखिळा, समायोजन करूनही फरक नाही

सावकाश
माझ्याकडे १९७९ सालची ९११ एससी असून तिचा ९१५ गिअरबॉक्स मूळचाच आहे. गेल्या काही महिन्यांत गिअरचा दांडा इतका ढिला झाला आहे की गाडी चौथ्या गिअरमध्ये असतानाही तो चांगला बोटभर इकडेतिकडे हलतो, आणि दुसरा गिअर टाकायला गेले की हाताला नेमकी जागा सापडत नाही. दांड्याचा रॉड गिअरबॉक्सला जोडणाऱ्या कपलरचा क्लॅम्प सैल करून दोनदा समायोजन केले. आठ दिवस बरे वाटते, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. अधूनमधून खरखरही होते. एका गॅरेजमध्ये सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी कडी) गेल्याचे सांगून गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला दिला गेला. त्याआधी काय तपासावे?

तेलकट हात
गिअरबॉक्सला तूर्त हात लावू नका. समायोजनाने दांड्याची जागा तेवढी बदलते, झिजलेला भाग भरून निघत नाही. या गाडीत इंजिन अगदी मागे आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे असल्यामुळे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत मधल्या बोगद्यातून एक लांब रॉड जातो. दांड्याच्या खालच्या गोळ्याची प्लास्टिकची वाटी, रॉडला पुढे आधार देणारा बुश (घर्षण झेलणारे छोटे अस्तर) आणि मागच्या कपलरमधले बुश अशा ठिकाणी झीज होते, आणि प्रत्येक ठिकाणचा थोडाथोडा ढिलेपणा दांड्याच्या मुठीपर्यंत येईतो कितीतरी मोठा होतो.

मागच्या दोन आसनांमधला गालिचा उचलून बोगद्याचे झाकण काढा. इंजिन बंद ठेवून चौथा गिअर टाका, सोबतच्या माणसाला दांडा हलवायला सांगा आणि स्वतः कपलरवर दोन बोटे ठेवा. डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते. कपलरचा पुढचा भाग हलतो पण मागचा जागचा हलत नाही, तर बुश गेले. दांडा हलूनही पुढचा भागच स्थिर राहिला, तर दोष वाटीत आहे.

पाना नंबर १३
वरील तपासणीत एक भर घालतो. कपलर गिअरबॉक्सच्या रॉडवर एका निमुळत्या टोकाच्या स्क्रूने बसतो आणि त्याचे टोक रॉडमधल्या भोकात घट्ट रुतलेले असावे लागते. तो किंचित जरी सैल असला तरी नवे बुश घालूनही दांडा डुलतच राहतो, आणि सगळे बदलून झाल्यावर हे लक्षात आलेल्यांपैकी मीही एक आहे. क्लॅम्प सोडण्याआधी रॉडवर आणि क्लॅम्पवर मिळून एक आडवी खूण करून ठेवा, म्हणजे निदान सुरुवातीच्या जागेवर तरी परत येता येईल. नवी वाटी कडक वाटली तर ती गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा. हातोडीने ठोकून बसवलेली वाटी पहिल्याच दिवशी तडकते.

खरखरीबद्दल म्हणाल, तर लिंकेज (दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी) घट्ट झाल्यावर पुन्हा चालवून बघा. तेव्हाही आवाज येत असेल आणि डबल क्लच (न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबून गिअर टाकणे) केल्यावर तो जात असेल, तरच सिंक्रोवर संशय घ्यावा.

जुनाट
दांड्याचा प्रवास कमी करणारा शॉर्ट शिफ्टर घेण्याचा मोह होईल, पण झिजलेल्या लिंकेजवर तो लावू नये. तरफ आखूड झाली की जोर जास्त लागतो, आणि ९१५ला घाई मुळीच मानवत नाही. गिअरबॉक्स ज्यांवर टेकतो ते रबरी माउंटही पाहून घ्या. ते दबले असतील तर वेग घेताना गिअरबॉक्स स्वतःच हलतो आणि गिअर निसटतो.

सावकाश
सर्वांचे आभार. निमुळता स्क्रू घट्टच निघाला. कपलरमधला एक बुश मात्र काढताना तीन तुकड्यांत हातात आला, आणि दुसरा इतका वाळला होता की नखाने त्याचा भुगा होत होता. दोन्ही बदलले, वाटीही नवी घातली. गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवून क्लॅम्प आवळला. पहिल्या प्रयत्नात पाचवा आणि रिव्हर्स लागेनात, म्हणून खुणेपासून रॉड केसभर फिरवून पुन्हा बसवला. आता चौथ्यात दांडा जेमतेम हलतो. दुसऱ्या गिअरची खरखर गाडी थंड असतानाच येते, आणि डबल क्लच केले की ती येत नाही. म्हणजे गॅरेजवाल्यांचे म्हणणे निम्मे खरे होते. तूर्त गिअरबॉक्सचे तेल बदलून पाहतो. माउंटकडे पुढच्या सुट्टीत वळेन.