हॅलेलुया कोरस: चार आवाज म्हणजे सगळीकडे पॉलीफनीच का?

प्रश्न
हॅन्डेलच्या 'मसाया'तला (1741) हॅलेलुया कोरस बसवतोय. चारही पार्ट पाठ झालेत. टेक्श्चर, म्हणजे आवाज एकमेकांशी कसे गुंफलेत ते, कुठे बदलतं हे स्कोअरवर (छापील स्वरलिपीवर) खुणा करून आणायला सांगितलंय. ओळखायचं कसं? आवाज चार आहेत, मग सगळी पॉलीफनीच (प्रत्येक आवाजाची चाल स्वतंत्र) ना?

उत्तर 1
नाही. आवाज मोजू नका, अक्षरं बघा. स्कोअरवर पट्टी उभी धरा. चौघांच्या तोंडी त्या ठोक्याला एकच अक्षर येत असेल, पण सूर वेगवेगळे असतील, तर होमोफनी. सुरुवातीचे 'हॅलेलुया' तसे आहेत. 'फॉर द लॉर्ड गॉड' पहिल्यांदा येतं तिथे सगळे एकच सुरावट गातात. पुरुष खालच्या सप्तकात असले तरी ती मोनोफनीच. 'अँड ही शॅल रेन' बास (पुरुषांचा खालचा आवाज) उचलतात, मग टेनर (पुरुषांचा वरचा), आल्टो (स्त्रियांचा खालचा), सोप्रानो (स्त्रियांचा वरचा). पट्टी धरली की अक्षरं वेगवेगळी दिसतील. ही पॉलीफनी.

उत्तर 2
खुणा करून भागत नाही, तालमीत प्रत्येक ठिकाणचं दुखणं वेगळं असतं. 'अँड ही शॅल रेन'मध्ये बुडतात ते आल्टो. सोप्रानो उंचीमुळेच ऐकू येतात. म्हणून बास-टेनरनी आपली ओळ संपली की लगेच आवाज उतरवायचा, तसं पेन्सिलीने लिहूनच ठेवा. 'द किंगडम ऑफ धिस वर्ल्ड'मध्ये शेवटचा 'ड' सगळ्यांचा एकदम पडला पाहिजे, नाहीतर चार-पाच 'ड' ऐकू येतात. आणि सगळे एकच सुरावट गातात त्या ओळीत 'लॉर्ड'चा 'ऑ' कुणी 'आ'कडे नेला, की सूर बरोबर असूनही बेसूर वाटतं.

प्रश्नकर्ता
'किंग ऑफ किंग्ज'ला काय म्हणायचं? सोप्रानो एकच सूर धरून, बाकीचे 'फॉर एव्हर' तोडून तोडून म्हणतात.

उत्तर 1
दोन थर. खालचे आवाज आपापसात होमोफनीत, वर लांब सूर. एकच नाव चिकटवायच्या फंदात पडू नका. सोप्रानोंनी श्वास आळीपाळीने घ्यायचा. तो सूर एकेक पायरी चढतो, आणि प्रत्येक पायरी जरा तोकडी पडते. दोन-तीन पायऱ्यांत सगळं उतरलेलं असतं. दर चढणीला पियानोवर सूर तपासा.

उत्तर 3
हेटेरोफनी इथे शोधू नका, सापडणार नाही. ती ऐकायची तर आपल्याकडची हार्मोनियमची साथ ऐका: गायकाचीच जागा, किंचित मागून, थोड्या फरकाने. कोरसमध्ये तसं झालं तर तालीम थांबते.