मदत हवी आहे: गधैया नाणं शिलाहारांचं की गुजरात-माळव्याकडचं?

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या देव्हाऱ्यातल्या डबीत चांदीचं एक जुनं नाणं मिळालं. वजन चार ग्रॅमच्या आसपास, आकाराने लहान पण चांगलंच जाड. गधैया (म्हणजे जुन्या इराणी नाण्यांच्या नकलेतून आलेलं मध्ययुगीन नाणं) आहे एवढं नक्की. पुढचं कळण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

एका बाजूला चेहरा आहे, म्हणजे पूर्वी होता. आता नाकाची लांब रेघ, डोळ्याचा टिंब आणि मागे ठिपक्यांच्या ओळी उरल्यात. दुसऱ्या बाजूला रेघा-ठिपक्यांचा खांब, वर एकीकडे चंद्रकोर, दुसरीकडे सूर्य. हा खांब म्हणजे इराणच्या सासानी नाण्यावरची अग्निवेदी! सम्राट पेरोझला हूणांनी हरवलं, 484 मध्ये तो लढाईतच मेला. त्याची नाणी खंडणीतून हूणांच्या हाती गेली, त्यांनी तोच छाप भारतात आणला आणि पुढे गुजरात, राजस्थान, माळव्यात तो शतकानुशतकं पाडला गेला. मूळ पातळ, रुंद नाणं आक्रसून जाड झालं, राजा आणि वेदी ओळखू येईनाशी झाली, पण वजन मात्र बरंचसं टिकलं. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. लोकांचा भरवसा त्या रूपावर आणि वजनावर होता, म्हणून टांकसाळींनी छाप सोडला नाही. कनौजच्या प्रतीहार घराण्यातल्या राजा भोजाने तर एका बाजूला आदिवराह (विष्णूचा वराहावतार) घेतला, तरी दुसरीकडे वेदीच्या खुणा राहिल्याच.

आता प्रश्न. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या छित्तराजाच्या (भांडुपचा ताम्रपट 1026 चा, तोच हा राजा) नावाची नागरी अक्षरं असलेली गधैया नाणी आहेत. आमचं घराणं वसईकडचं. माझ्या नाण्याच्या कडेला दोन-तीन अक्षरांसारख्या खुणा दिसतात, पहिली ‘श्री’ असावी. छित्तराजाच्या नाण्यावर अक्षरं नेमकी कुठल्या बाजूला आणि किती ओळींत येतात? कोणाकडे तसं नाणं असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो टाकाल का? मुंबईत कोणाला दाखवावं?

ओळखीचे सोनार आम्लात उजळून देतो म्हणाले, मी नको म्हटलं. काळा थर तसाच ठेवलाय. अक्षरं वाचण्यापुरता तो काढायचा सुरक्षित मार्ग आहे का, की तिरप्या उजेडात फोटो काढणंच बरं?

विकायचं अजिबात नाही. माझे फोटो रात्री टाकते.