नेपाळचा मोठा ट्रेक आखताय? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, येत्या ऑक्टोबरात मी, धाकटी बहीण आणि मेहुणे असे तिघं अन्नपूर्णा सर्किट, म्हणजे अन्नपूर्णा डोंगररांगेला वळसा घालणारा ट्रेक, करायचं म्हणतोय. सह्याद्रीत वीस वर्षं हिंडलो, हिमाचलात दोनदा जाऊन आलो, पण थोरुंग ला ही ५,४१६ मीटरची खिंड आहे आणि तिची मला मनापासून धास्ती वाटते. सुट्टी १४ दिवसांची. काठमांडू, बेसीसहर, तिथून जीपने थेट मनांग, मग खिंड, मुक्तिनाथ, पोखरा आणि परत, असं सगळं १२ दिवसांत बसवलंय. कागदावर तरी बसतंय. जे जाऊन आलेत त्यांनी आपला बेत कुठे बरोबर निघाला आणि कुठे फसला ते सविस्तर लिहा. फोटोंपेक्षा बारकावे हवेत.

ठाणे. एव्हरेस्ट बेस कॅम्प, एप्रिल २०२३

आमचा बेत फसला तो लुक्लाच्या विमानापाशी. (लुक्ला म्हणजे जिथे उतरून हा ट्रेक पायी सुरू होतो ते गाव.) सीझनमध्ये लुक्लाची बरीच विमानं काठमांडूहून न सुटता रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात, हे आम्हाला आदल्या संध्याकाळी कळलं. रात्री दीडला जीप निघाली ती उजाडता उजाडता मंथलीला पोचली. ट्रेकचा पहिला दिवस जागरणाने सुरू झाला.

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर, तीही चढावर. दरीत ढग भरले की सगळं ठप्प. परतताना आम्ही तिथे तीन दिवस अडकलो. लॉजच्या दिदी पहाटे बाहेर येऊन दरीकडे बघायच्या. काही न बोलता आत जाऊन त्यांनी मोठ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवलं, की आम्ही बुटांचे बंद सोडायचो. मुंबईचं तिकीट बुडालं. राखीव दिवस आम्हीही ठेवले होते, पण काठमांडूत खरेदीला म्हणून, ते आधीच खर्च झाले होते. ते दिवस ट्रेकच्या शेवटाला हवेत.

नामचेला (३,४४० मीटर) मात्र दोन रात्री काढल्या. दिवसा वर चढून यायचं आणि झोपायला खाली. वरच्या पाच दिवसांत आमच्यातल्या कुणालाही डोकेदुखीपलीकडे त्रास झाला नाही.

पुणे. अन्नपूर्णा सर्किट, खिंड न ओलांडता परत

दादा, जीपने थेट मनांग हे वाचलं आणि लिहायला बसलो. बेसीसहर साधारण ७६० मीटरवर आणि मनांग ३,५४० वर. रस्ता झालाय म्हणून जीप पोचवते, पण शरीर मागेच राहतं. आम्हीही वाटेतल्या चामे गावापर्यंत जीपने गेलो आणि दुसऱ्या दिवशी थेट मनांग गाठलं.

आम्ही पाच जण, दर रविवारी सिंहगड करणारे. पाय दणकट होते, तोच घात झाला. गाइड दाइ रोज सांगायचे, ‘बिस्तारै, बिस्तारै’ (हळूहळू) आणि आम्ही त्यांच्या पुढे. मनांगला सीझनमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना चालू असतो. तिथले डॉक्टर दुपारी ३ वाजता विरळ हवेच्या त्रासावर समजावून सांगतात. आम्ही त्या वेळी बेकरीत सफरचंदाचा पाय खात बसलो होतो. एकच रात्र काढून निघालो.

खिंडीच्या पायथ्याशी, थोरुंग फेदीला (साधारण ४,४५० मीटर) संध्याकाळी आमच्यातला एक जण ताटावरून उठला. दुपारपासून डोकं दुखत होतं, पण त्याने सांगितलं नव्हतं. उलटी झाली. दाइंनी त्याला अंगणात नेलं, टॉर्चच्या उजेडात एक सरळ रेघ दाखवली आणि टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तो डावीकडे कलंडला. मी हसलो, दमलाय म्हणून. दाइंनी मात्र त्याच मिनिटाला पोर्टरला हाक मारली. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असते, सकाळपर्यंत थांबायचं नसतं. अंधारात दोघांनी त्याला दोन्ही काखांत धरून खालच्या याक खर्का या मुक्कामापर्यंत उतरवलं. मी मागून त्याची सॅक घेऊन चाललो होतो. त्याचे बूट दगडांवर फरफटल्याचा आवाज अजून कानात आहे. चारशे मीटर खाली आल्यावर पहाटे त्याने स्वतःहून चहा मागितला. मग घोड्यावरून मनांग, तिथे डॉक्टरांनी तपासलं आणि पुन्हा वर जायला साफ मनाई केली. आम्ही पाचही जण खाली आलो.

३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नका आणि मनांगला निदान दोन रात्री काढा. डायमॉक्सबद्दल (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर. आणि गोळी घेतली म्हणून दिवस कापू नका.

अजून एक. ऑक्टोबरात हवा बहुतेक वेळा स्वच्छ असते, पण २०१४ च्या ऑक्टोबरात विशाखापट्टणमला धडकलेलं हुदहुद वादळ दोन दिवसांत याच डोंगरांवर बर्फ होऊन कोसळलं. ४० हून अधिक माणसं गेली. बंगालच्या उपसागरात काय शिजतंय ते मनांगला बसूनही विचारत राहा, आणि फेदीला थांबायला एक दिवस हाताशी ठेवा.

कोल्हापूर. आईसोबत मुक्तिनाथ

ट्रेक नाही, तरी लिहिते, कारण आपल्याकडून यात्रेला जाणारी बरीच मंडळी साठीच्या पुढची असतात. पोखरा ८०० मीटरच्या आसपास, मुक्तिनाथ ३,७०० च्या वर. आमच्या टूरवाल्याने एका दिवसात जीपने जोमसोम आणि दुसऱ्या सकाळी दर्शन असं ठेवलं होतं. मी भांडून वाटेतल्या मार्फा गावाला एक रात्र वाढवून घेतली. आईने मंदिरामागच्या सगळ्या १०८ धारांखालून हात फिरवला, अंगावर पाणी घेतलं नाही. आमच्याच गाडीतल्या एका काकांनी दोन्ही कुंडांत बुडी मारली आणि संध्याकाळभर थरथरत होते. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारी वारा असा सुटतो की वाळू दातांत येते. नदीकाठी शाळिग्राम बघायला जायचं तर सकाळीच.

नागपूर

कागदपत्रांचं थोडक्यात. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. माझ्या भावाकडे फक्त आधार होतं, त्याला काउंटरवरून परत पाठवलं. पैशांचा हिशेब सोपा आहे, आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १.६०. वर एटीएमच्या भरवशावर राहू नका. विमा घ्याल तेव्हा हेलिकॉप्टरने सुटका आणि किती मीटरपर्यंत, ही दोन वाक्यं पॉलिसीत शोधून वाचा. आमच्या पहिल्या पॉलिसीत मर्यादा ४,००० मीटरची निघाली!

लांगटांग, दोन मैत्रिणी

दिवस कमी असतील तर लांगटांगचा विचार करा. काठमांडूहून स्याफ्रुबेसीपर्यंत गाडी, विमानाची कटकट नाही, आणि क्यांजिन गोम्पा ३,८७० मीटरवर. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरून कोसळलेल्या बर्फ-दगडांखाली जुनं लांगटांग गाव गाडलं गेलं. वाट आज त्या ढिगाऱ्यावरून जाते. आम्ही उतरलो त्या लॉजच्या दिदींनी भाताचा दुसरा वाढा घालता घालता सांगितलं की त्या दिवशी त्या काठमांडूत होत्या म्हणून वाचल्या. पुढे काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही. तिथे राहा, तिथेच जेवा. लॉजमध्ये खोलीचं भाडं थोडंच असतं, त्यांचं घर चालतं ते जेवणावर.

पुन्हा मी

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या दादांचं लिहिलेलं आम्ही तिघांनी मोठ्याने वाचलं. मेहुण्यांनी उठून अंगणात टाचेला चवडा लावून चालून दाखवलं आणि बहिणीने जुना कागद फाडला.

नवा बेत असा: चामेपर्यंतच जीप, तिथून पिसांगमार्गे पायी, मनांगला दोन रात्री आणि तिसरीची मुभा, ३ वाजताचं व्याख्यान नक्की, फेदीला एक मोकळा दिवस. एकूण १८ दिवस होतात. चार दिवस बिनपगारी रजेचा अर्ज आज दिला. रजा मिळाली नाही तर यंदा लांगटांग. मनांग ते याक खर्का मध्ये गुन्सांगला मुक्काम कुणी केलाय का? बहिणीचे गुडघे पाहता तो टप्पा तोडावा असं वाटतंय.