समुद्रात लोह टाकण्याचे प्रयोग: परवानगी असावी की नसावी?

मांडवीकाठ:
प्रश्न आधीच मांडतो, म्हणजे तीन प्रतिसादांनंतर "पण मुद्दा काय?" असं कोणी विचारायला नको. हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी व्हावा म्हणून भर समुद्रात लोह सोडून बघायचे प्रयोग करू द्यावेत का? माझं मत: द्यावेत.

गोव्यात हा विषय काढायला कारण आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने २००९ साली जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर असा प्रयोग केला. नाव 'लोहाफेक्स'. दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट मुबलक आहे, पण लोह जवळपास नाही, म्हणून तिथे वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फारशा वाढत नाहीत. लोह मिळालं की हे प्लवक फोफावतं, कार्बन शोषतं, आणि मरून खोल बुडालं तर तो कार्बन शेकडो वर्षं खालीच राहतो. सगळा जीव त्या 'बुडालं तर'मध्ये आहे.

'पोलारस्टर्न' जहाज केप टाउनहून निघालं आणि ते वाटेत असतानाच बोंब झाली. जर्मन पर्यावरण मंत्रालयाने हरकत घेतली, प्रयोग थांबवला, फेरतपासणी झाली आणि जानेवारीच्या अखेरीस एकदाची परवानगी आली. शास्त्रज्ञ समुद्रावर आणि निर्णय बर्लिनमध्ये! असा छळ होणार असेल तर कोण प्रयोग करील?

आल्तिनोची टेकडी:
छळ? जैवविविधता कराराची २००८ची परिषद जर्मनीतच, बॉनमध्ये झाली. तिथे ठरलं की पुरेसा शास्त्रीय आधार मिळेपर्यंत समुद्राला असं खत घालायचं नाही. अपवाद फक्त किनाऱ्याजवळच्या छोट्या संशोधनाचा. वर्ष उलटायच्या आत लोहाफेक्ससाठी दक्षिण अटलांटिकच्या मधोमध ३०० चौरस किलोमीटरचा पट्टा, पाण्याचा एक मोठा भोवरा, निवडला. हे छोटं? आणि किनाऱ्याजवळ? यजमानानेच घरचा नियम मोडला तर पाहुण्यांनी का पाळावा?

मांडवीकाठ:
'किनाऱ्याजवळ' ही अट घालणाऱ्यांना समुद्रविज्ञान कळत नव्हतं, असं माझं स्पष्ट मत. किनाऱ्याच्या पाण्यात जमिनीवरून लोह येतच असतं. तिथे प्रयोग करून कळणार काय? जिथे लोह नाही तिथेच जावं लागतं. आणि ३०० चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याचा बारावा हिस्सा. महासागराच्या हिशेबात ठिपकासुद्धा नाही. वितळणारे हिमनगही लोह सोडतात, त्यांच्याकडे कोण परवाना मागतो?

खाणपट्टा:
लोह टाकायला एवढ्या लांब कशाला गेले म्हणे? आमच्या डिचोली-सत्तरीच्या लोहखाणींतून मांडवीत किती वर्षं लोह गेलं! पावसात नदी लाल व्हायची. त्या हिशेबाने मिरामारसमोर एव्हाना जंगल उगवायला हवं होतं. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी बंद केल्या नसत्या तर हवामान बदल आम्हीच थांबवला असता. 😄

फोंड्याची मास्तरीण:
विनोद आवडला, पण मुलं हेच खरं धरून बसतात म्हणून लिहिते. खनिजाची माती म्हणजे बहुतेक न विरघळणारं ऑक्साइड, ते गाळ होऊन तळाशी बसतं. प्रयोगात फेरस सल्फेट पाण्यात विरघळवून सोडतात, तेही थोडा वेळच विरघळलेलं राहतं. शिवाय आपल्या किनाऱ्यावर लोहाची टंचाईच नाही. त्या लाल पाण्याने प्रकाश अडला, शेतं आणि तिसऱ्यांच्या जागा गाळाने भरल्या. प्लवकाला फायदा शून्य.

खाणपट्टा:
बाई, फायदा झाला नाही हे आम्हाला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. आमचं म्हणणं एवढंच की तेव्हा कोणी जहाज थांबवलं नाही. खनिजाचे बार्ज दिवसरात्र चालू होते.

आल्तिनोची टेकडी:
खाणपट्टा गमतीत बोलले, पण मुद्दा तोच आहे. आधी करायचं, परिणाम नंतर दुसऱ्यांनी भोगायचे.

आता लोहाफेक्सचा निकालही सांगा की, मांडवीकाठ. तो तुम्ही सोयीस्कर गाळलात. प्लवक पहिले दोन आठवडे वाढलं, मग कोपेपॉड नावाच्या बारीक जीवांनी ते खाऊन टाकलं. त्या पाण्यात सिलिकेट कमी, त्यामुळे काचेसारखं कवच असलेले डायटम वाढलेच नाहीत, आणि खाली बुडायला जड हेच असतात. खोल गेलेला कार्बन नगण्य.

मांडवीकाठ:
गाळला नाही, राखून ठेवला होता, कारण तो माझ्या बाजूचा आहे! २००४मध्ये आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्याच 'आयफेक्स' प्रयोगात डायटम फोफावले, आणि वाढलेल्या प्लवकापैकी निदान निम्मं हजार मीटरच्या खाली गेलं. ते २०१२मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. एकीकडे बुडतं, दुसरीकडे बुडत नाही, आणि फरक सिलिकेटचा, हे समुद्रावर गेल्याशिवाय कसं कळलं असतं? लोहाफेक्सने कार्बन क्रेडिट, म्हणजे 'इतका कार्बन कमी केला' अशी प्रमाणपत्रं, विकायला निघालेल्यांच्या हिशेबावर पाणी ओतलं. हे काम कुठल्या बंदीने केलं असतं?

आल्तिनोची टेकडी:
हे मान्य. पण विकायला निघालेले थांबले का? २०१२च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या पश्चिमेला हैदा ग्वाईजवळ सुमारे १०० टन लोहाचं सल्फेट समुद्रात ओतलं. सॅमन मासा वाढेल आणि कार्बन क्रेडिटही मिळतील असं तिथल्या एका गावाला सांगून त्यांचेच पैसे त्यात घातले. जगाला कळलं ते काही महिन्यांनी. तुमच्या शास्त्रज्ञांनी दार किलकिलं केलं की मागून हे लोक आत येतात.

मांडवीकाठ:
चोर येतो म्हणून घरच बांधायचं नाही? शास्त्रज्ञांना परवाना द्या, व्यापाऱ्यांना देऊ नका. समुद्रात कचरा टाकण्यावर बंधन घालणाऱ्या लंडन करारातल्या देशांनी २००८मध्ये हाच फरक केला: खरं संशोधन चालेल, बाकी नाही.

रापणीचो दोर:
मधे बोलतो, रागावू नका. मी रापणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्याच्या, घरातला. एलईडी दिवे लावून मासेमारीवर केंद्राने २०१७मध्ये बंदी घातली. रात्री आमच्या किनाऱ्यावर उभं राहून बघा, क्षितिजावर दिवाळी असते. इथे, डोळ्यासमोर, बंदी पाळली जात नाही. आणि तिकडे हजारो मैलांवर कोण खरं संशोधन करतंय आणि कोण धंदा, हे कोण बघणार?

दुसरं. प्लवक वाढलं की मासे वाढतात असं सगळे सांगतात. आमच्याकडे पावसाळा संपता संपता पाणी कधी कधी 'मेलेलं' असतं, मासळी लांब पळते. त्याचं काय?

फोंड्याची मास्तरीण:
हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि उत्तरावर दोनापावलातच काम झालंय. पावसाळ्यात खालचं, मुळातच कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे वर येतं. त्यातल्या पोषणद्रव्यांवर प्लवक माजतं, ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. अशा पाण्यातले जिवाणू नायट्रस ऑक्साइड सोडतात, जो टनामागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट तापवणारा वायू आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून तो किती निघतो, यावरचा संशोधन-लेख २०००मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्याचे मुख्य लेखक वजीह नक्वी, म्हणजे पुढे लोहाफेक्सचे भारतीय बाजूचे प्रमुख! मोठ्या प्रमाणावर लोह टाकलं तर खोल समुद्रात हेच घडण्याची भीती आहे. तिकडे थोडा कार्बन पुरायचा आणि इकडे त्याहून वाईट वायू सोडायचा.

मांडवीकाठ:
बाई, म्हणजे धोका सर्वांत नीट ठाऊक असलेला माणूसच प्रयोगाला गेला. याहून चांगला कोण हवा होता?

फोंड्याची मास्तरीण:
माणूस चांगला असण्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण काही आठवडे एक भोवरा मोजून नायट्रस ऑक्साइडचा हिशेब लागत नाही, त्याला वर्षं आणि फार मोठा समुद्र लागेल. तेवढं करायचं तर तो प्रयोग उरतच नाही, प्रत्यक्ष अंमलबजावणीच होते. म्हणून माझं मत मधलं वाटेल, पण नाही: प्लवक कसं जगतं हे शिकायला लहान प्रयोग करा, माझा पूर्ण पाठिंबा. 'हवामानावरचा उपाय' म्हणून एक किलोही नको.

घुमट:
समुद्र सगळ्यांचा, मग जनमत कौल घ्या. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावर १९६७मध्ये घेतला तसा.

आल्तिनोची टेकडी:
घुमट, कृपा करा! मराठी धाग्यावर जनमत कौल काढलात तर लोह राहील बाजूला.

मांडवीकाठ:
खरंय, तो विषय नको. पण बाई, तुमची रेघ मला पटत नाही. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्र आजही गिळतोय, त्याने पाणी आम्लधर्मी होतंय. हा प्रयोग चालूच आहे, फक्त त्याला कुणी परवाना मागितला नाही. त्यावर उपाय शोधू पाहणाऱ्याकडे मात्र कागद मागायचे?

रापणीचो दोर:
मागायचेच. पेट्रोल जाळणाऱ्याकडे कोणी मागितले नाहीत म्हणून तर ही वेळ आली. पुढचं जहाज गोव्यातून निघालं तर आधी आमच्या वाड्यावर येऊन समजावून सांगा. मराठीत, नाहीतर कोंकणीत. इंग्रजी पत्रक नको.

मांडवीकाठ:
ही अट मंजूर. बाईंची अजून नाही.