जपान रेल पास घ्यावा की सुटी तिकिटं?

नऊ वर्षांनी पुन्हा जपानला निघालोय, या वेळी आईसोबत. सोलापूरहून मुंबई, तिथून टोकियो. मागच्या वेळी सात दिवसांचा रेल पास (एकदाच पैसे भरून जपानच्या जेआर गाड्यांनी हवा तितका प्रवास) डोळे झाकून घेतला होता. ऑक्टोबर २०२३मध्ये तोच २९,६५० वरून ५०,००० येन झाला!

टोकियो-क्योटो-हिरोशिमा-टोकियो, सगळं सात दिवसांत. सुट्या तिकिटांचा हिशोब मांडला, तर माणशी साधारण ४५,००० येन येतो. पासवर नोझोमी या सर्वांत वेगवान शिंकानसेनला (बुलेट ट्रेनला) वेगळे पैसे पडतात, तेही नकोत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे रात्रीची बस नको. सामानात शेंगाचटणीचं ओझं आहेच.

हिरोशिमाहून टोकियोला परतताना शिंकानसेनऐवजी विमान घेतलं, तर विमानतळापर्यंतची दगदग धरून खरंच परवडतं का? कुणी वयस्कर माणसांसोबत केलंय?