शब्दचर्चा: रंगांचा ‘युगपत् विरोध’, झाक आणि वर्तुळपाकळी

चित्रकार सोनिया दलोने यांच्या १९१४ सालच्या ‘प्रिझ्म एलेक्त्रिक’ या चित्राविषयी लिहिताना ‘सायमल्टेनियस कॉन्ट्रास्ट’ (म्हणजे शेजारच्या रंगामुळे एखादा रंग आहे त्याहून वेगळा दिसणे) या संज्ञेसाठी ‘समकालीन विरोध’ हा पर्याय चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते त्यातला ‘समकालीन’ हा शब्द मुळीच चालणार नाही, कारण समकालीन म्हणजे एकाच काळात होऊन गेलेले किंवा आजच्या काळातले. येथे अभिप्रेत आहे ते एकाच क्षणी, एकाच दृष्टिक्षेपात घडणे. त्यासाठी संस्कृतातून आलेला ‘युगपत्’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. जुन्या मराठी गद्यातला ‘एकसमयावच्छेदेकरून’ हा शब्द मला अतिशय आवडतो आणि त्याचा अर्थही तंतोतंत हाच आहे, पण चित्राखालच्या पाटीवर तो मावणार नाही.

‘विरोध’ या शब्दावर मात्र थोडे थांबावे लागेल. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला ‘विरोधी रंगसंगती’ ठाऊक असते. लालाशेजारी हिरवा, निळ्याशेजारी नारिंगी अशी ती जाणूनबुजून केलेली निवड असते. मूळ संज्ञेत सांगितलेली गोष्ट निवडीची नाही, ती पाहणाऱ्याच्या डोळ्यात आपोआप घडते. पॅरिसच्या गोबेलँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल उजेन शेव्रल यांच्याकडे, निळ्या-जांभळ्या विणकामातला काळा रंग निस्तेज दिसतो, अशी तक्रार आली होती. त्यांनी काळी लोकर तपासली, तेव्हा रंगात दोष सापडला नाही. दोष शेजारच्या रंगाचा होता. त्यातून त्यांनी मांडलेला युगपत् विरोधाचा नियम १८३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

हीच तक्रार साडीच्या दुकानात मराठी माणूस कशी करील, याचा विचार केला की शब्द आपोआप सुचतात. ‘या काठाने साडी खुलते’, ‘हा पदर अंगाचा रंग मारतो’, ‘मोरपंखीवर लाल उठून दिसतो’, असे आपण रोज म्हणतो. गोबेलँमधला काळा, आपल्या भाषेत, निळ्याने मारला होता. खुलणे, मरणे आणि उठून दिसणे या तीन क्रियापदांत नियमाचा बराचसा भाग आला आहे. ‘उठाव’ हे नाम वापरावे असे कोणी सुचवील, परंतु उठावशिल्पामुळे कलेच्या भाषेत त्याला खोलीचा आणि उंचसखलपणाचा अर्थ चिकटलेला आहे, म्हणून तो शब्द मी टाळीन.

उरलेला भाग ‘झाक’ या शब्दात आहे. करड्या पुठ्ठ्याचे दोन सारखे चौकोन कापून मी एक नारिंगी आणि एक हिरव्या घोटीव कागदावर ठेवले. काही क्षणांतच नारिंगीवरच्या चौकोनावर निळसर झाक आली आणि हिरव्यावरच्या चौकोनावर तांबूस. दोन्ही उचलून पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले तेव्हा ते पुन्हा जुळ्या भावंडांसारखे एकच झाले. छटा ही रंगाची स्वतःची असते आणि झाक दुसऱ्याकडून येते, असा भेद आपण कटाक्षाने पाळला तर या विषयावरचे निम्मे लेखन सुबोध होईल. म्हणून संज्ञा म्हणून ‘युगपत् विरोध’ एकदा द्यावी आणि पुढचे सगळे विवरण झाक, खुलणे, मरणे या शब्दांत करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता भूमितीकडे वळू. दलोने यांचे हे चित्र अडीच मीटर लांब आणि तितकेच रुंद आहे. पॅरिसच्या बुलव्हार सां-मिशेल या रस्त्यावर तेव्हा नवे असलेले विजेचे दिवे आणि त्यांभोवतीची प्रभावलये हा त्याचा विषय आहे. त्यात दोन मोठी वर्तुळे एकमेकांवर चढली आहेत. प्रत्येक वर्तुळ एककेंद्री पट्ट्यांचे आहे, पण एकही पट्टा एका रंगात पूर्ण फिरत नाही, तो मध्येच तुटतो आणि दुसऱ्या रंगात पुढे जातो. याला सरसकट ‘गोल’ किंवा ‘चक्र’ म्हटले की ही तुटण्याची क्रिया हरवते. शालेय भूमितीत यासाठी सुरेख शब्द आहेत: पट्ट्याचा तुकडा तो ‘कंस’, आणि केंद्रापासून परिघापर्यंतचा भाग ती ‘वर्तुळपाकळी’. लाल कंसाला हिरवा कंस भिडतो तेथे दोन्ही खुलतात आणि स्थिर रंग थरथरल्यासारखा भासतो. या चित्रात भूमिती आहे ती अशा भेटी घडवण्यासाठी. ‘मंडल’ हा शब्द येथे वापरू नये, कारण त्यातला उपासनेचा अर्थ या रस्त्यावरच्या दिव्यांना लागू होत नाही.

शीर्षकासाठी ‘विजेचे लोलक’ हे भाषांतर मला योग्य वाटते. लोलक म्हणजे किरणाचे सात रंग करणारी काच, आणि झुंबराला लटकणारेही लोलकच, त्यामुळे दिवा आणि रंग दोन्ही एका शब्दात येतात. ‘अमूर्त’ हे विशेषण मात्र जपून वापरावे, कारण चित्रात मानवाकृती ओळखू येतात आणि एका चौकोनात कवी ब्लेझ सांद्रार यांचे नावही लिहिलेले आहे.

शेवटचा शब्द ‘गोधडी’. १९११ साली जन्मलेल्या मुलासाठी सोनियाबाईंनी कापडाचे तुकडे जोडून एक पांघरूण शिवले. स्वतः युक्रेनमध्ये जन्मलेल्या या बाईंनी तसली पांघरुणे तिकडच्या शेतकऱ्यांच्या घरी पाहिलेली होती, आणि आपल्या अमूर्त रचनांची सुरुवात त्या तिथे मानत. मराठी लेखांत त्याला ‘पॅचवर्क ब्लँकेट’ म्हटलेले वाचून मला वाईट वाटते. गोधडी किंवा वाकळ म्हटले तर त्रिकोणी-चौकोनी ठिगळे वाचकाच्या हाताला लागतात. एक शंका मात्र आहे: आपली गोधडी थरांवर थर ठेवून धावदोऱ्याने भरतात, तर येथे तुकडा तुकड्याला जोडला आहे. अशा जोडकामाला आपल्या भागात वेगळा शब्द असेल, तर तो येथे अवश्य नोंदवावा.