सहकाऱ्यांसाठी आभासी वास्तवाचा ‘खुला दिवस’ : आपले अनुभव लिहावेत

गेल्या महिन्यात आमच्या वास्तुरचना कार्यालयात सहकाऱ्यांसाठी खुला दिवस ठेवला होता. आम्ही तिघे वर्षभर आभासी वास्तवात, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आत वावरता येईल अशा संगणकीय दृश्यात, सदनिका उभ्या करत होतो; परंतु लेखा विभागापासून साइटवरच्या पर्यवेक्षकांपर्यंत बहुतेकांनी हेडसेट कधी हातातही घेतला नव्हता आणि आमचे काम नुसते सांगून कोणाच्या गळी उतरत नव्हते. ज्यांनी असा उपक्रम केला आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत. सुरुवात मी करते.

लेखा विभागातल्या एक ज्येष्ठ बाई आभासी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहिल्या, पोळी लाटावी तसे दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाल्या, “ओटा उंच झालाय, खांदे भरून येतील.” ओटा तर ८५ सेंटीमीटरचाच काढलेला होता. शोध घेतल्यावर कळले की, सकाळी हेडसेटमध्ये जमिनीची पातळी नोंदवताना मी कंट्रोलर (हातात धरायचे नियंत्रक उपकरण) फरशीला न टेकवता वीतभर वर धरला होता, त्यामुळे सगळे घरच तेवढे वर सरकले होते. सकाळपासून आत-बाहेर करणाऱ्या आम्हा तिघांच्या ते लक्षात आले नाही. रोज ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईंच्या अर्ध्या मिनिटात आले. आता त्याच जागी खरे, तेवढ्याच उंचीचे टेबल ठेवतो. हाताला कड लागली की माणूस निर्धास्तपणे वावरतो.

चाकण, कारखान्यातील प्रशिक्षण विभाग

आम्ही यंत्राचे मूळ त्रिमितीय प्रारूप, बोल्टच्या आट्यांसह, जसेच्या तसे वापरले. ही चूक महागात पडली. ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० चित्रे दाखवताना, प्रत्येक चित्र सुमारे ११ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. तेवढ्यात ते होईना आणि मान वळवली की दृश्य अडखळू लागले. त्यातच फिरण्यासाठी जॉयस्टिक दिली होती. डोळ्यांना आपण चालत आहोत असे दिसते, पण आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा आपण जागेवरच आहोत असे सांगते, आणि या विसंवादातून मळमळ सुरू होते. एका सहकाऱ्याला दरदरून घाम फुटला. त्यांना बसवून पाणी दिले आणि कार्यक्रम तिथेच थांबवला. दुपारी आटे व आतले न दिसणारे भाग काढून टाकले, जॉयस्टिक बंद केली आणि यंत्राभोवती स्वतःच्या पायांनी फिरण्याएवढी जागा मोकळी केली. त्यानंतर कोणालाही त्रास झाला नाही. त्या सहकाऱ्यांनी मात्र पुन्हा हेडसेट लावला नाही, याची मला अजून खंत वाटते.

कोल्हापूर, अभियांत्रिकी महाविद्यालय

धूसर दिसत असले, तरी लोक संकोचाने “छान आहे” म्हणतात आणि हेडसेट परत देतात. भिंगांमधील अंतर आपल्या दोन डोळ्यांतील अंतराशी जुळले नाही की धूसर दिसते, आणि आमच्याकडील क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये ते ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच टप्प्यांत बदलते. म्हणून आम्ही आत पहिल्यांदा बारीक अक्षरांतली एक मराठी ओळ वाचायला देतो आणि ती स्पष्ट वाचता आली, तरच पुढे जातो.

अंबाडा असलेल्या सहकारी बाईंसाठी मागचा पट्टा अंबाड्याखाली घ्यावा. टिकली हेडसेटच्या कपाळाला टेकणाऱ्या फोमला चिकटून निघते, म्हणून टेबलावर आरसा आणि टिकल्यांचे पाकीट ठेवले होते. त्यामुळे पुढे येणाऱ्यांची संख्या खरोखर वाढली. हेडसेट खिडकीपाशी भिंगे वर करून ठेवू नये, कारण भिंगांतून ऊन एकवटून पडद्यावर कायमचा डाग पडतो.

ठाणे, माहिती तंत्रज्ञान

आतले दृश्य बाहेरच्या टीव्हीवर दिसलेच पाहिजे, नाहीतर रांगेतले लोक कंटाळून निघून जातात. पण कार्यालयीन वाय-फायवर अनेकदा हेडसेट आणि टीव्ही ही दोन उपकरणे एकमेकांना सापडत नाहीत. स्वतःचा राउटर न्यावा आणि आदल्या दिवशी तपासून पाहावा.

नाशिक, उत्पादन रचना

आमच्या एका सहकाऱ्यांना अर्धशिशीचा त्रास असल्याने त्यांनी हेडसेट लावण्यास नकार दिला. आग्रह न करता आम्ही त्यांना टीव्हीसमोर बसवले आणि आत असलेल्या व्यक्तीला कुठे पाहायचे, ते सांगण्याचे काम त्यांच्याकडे दिले. “डावीकडे वळ, ते झाकण उघडून बघ,” असे ते सांगत गेले आणि झाकणाची बिजागरी उलट्या बाजूला लागली आहे, हे त्यांनीच प्रथम दाखवून दिले.